नेट नाही, मग व्हायरस कुठून?

"इथं नेटच टिकत नाही ना जी, व्हायरस येणार कुठून?" गडचिरोली-चंद्रपूरकडे खाणीतल्या किंवा वजनकाट्यावरच्या संगणकाचा विषय निघाला की हे ऐकावंच लागतं. सूरजागडसारख्या डोंगरातल्या कामाबद्दल तर जरा ऐटीतच.

येतो पेन ड्राइव्हमधून. काट्यावरच्या नोंदी कार्यालयात नेणाऱ्याच्या खिशातून, किंवा मशीन दुरुस्तीला आलेल्या माणसाच्या लॅपटॉपमधून. इराणच्या नतान्झ अणुकेंद्रातली यंत्रणा इंटरनेटला जोडलेली नव्हती. तरी २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट तिथे पोचला होता. आणि 'आपल्याला कोण शोधत येतंय' म्हणणाऱ्यांनी न्हावा-शेवा बंदर आठवावं. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या सुटला, जहाजवाहतुकीतल्या मेर्स्क समूहाच्या जाळ्यात शिरला आणि तिथल्या, म्हणजे जेएनपीटीतल्या, त्यांच्या टर्मिनलचं काम कोलमडलं. त्याने न्हावा-शेव्याला शोधलं नव्हतं. जाळं जिथवर पसरलं होतं, तिथवर तो गेला.

बरं, नेट कमी म्हणून अपडेट होत नाही, हेही खरं नाही. पाचशे संगणकांनी एकाच बारीक लाइनवरून तीच फाइल ओढली तर लाइन बसणारच. म्हणून साइटवरचा एकच संगणक ती रात्री उतरवून घेतो, बाकीचे आतल्या जाळ्यातून त्याच्याकडून घेतात. लाइन अजिबात नसेल तर फाइल हाताने न्यायची; पुण्याच्या क्विक हीलसह अनेक कंपन्या तशी ऑफलाइन फाइल देतात. मुख्य कार्यालयातल्या पडद्यावर अपडेटचं सगळं हिरवं दिसलं, तरी एक विचारा: महिनाभर संपर्कातच न आलेला काट्यावरचा संगणक त्यात धरलाय का?

दोन अँटिव्हायरस म्हणजे दुप्पट संरक्षण? ते एकमेकांशीच भांडतात.

अँटिव्हायरस आहे, मग विंडोजचं अपडेट कशाला? वॉनाक्राय १२ मे २०१७ रोजी पसरला; तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं.

अपडेट आलं की लगेच सगळीकडे टाकायचं? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख संगणक आडवे केले. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले गेले. ती फाइल थोपवून धरायची सोय तेव्हा ग्राहकांकडे नव्हती, नंतर दिली गेली. ती वापरा, आधी दहा संगणकांवर टाकून बघा. मात्र त्या दहांत साइटवरचा एकुलता एक काटा नको. कंपनीने ती फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली होती, पण निळ्या पडद्यावर अडकलेले बहुतेक संगणक कुणीतरी समोर बसूनच सुरू करावे लागले. इथे त्यासाठी नागपूरहून गाडी निघते.