थंडीत धूर वर का चढत नाही?

मुंबई-गोवा महामार्गाने वडखळ मागे टाकलं की गडब येतं. पश्चिमेला धरमतरच्या खाडीकडे पसरलेली खारेपाटाची भातशेती, पूर्वेला डोंगर, शेजारी डोलवीचा मोठा पोलाद कारखाना आणि मधून रात्रंदिवस धावणारे ट्रक. कारखान्याची धुराडी बाराही महिने चालू असतात आणि ट्रकही. मग जुलैत उघडीप मिळाली की डोंगरावरचं झाड न् झाड दिसतं, आणि डिसेंबरच्या सकाळी तोच डोंगर धुरक्यात पुसून जातो, हे कसं?

याचं उत्तर धुरात कमी आणि धुराच्या डोक्यावरच्या हवेत जास्त आहे.

एरवी जमिनीजवळची हवा गरम असते आणि वर जावं तसं तापमान उतरत जातं, दर किलोमीटरला साधारण ६.५ अंश. गरम हवा हलकी, म्हणून ती वर चढते आणि धुराला सोबत घेऊन जाते. थंडीच्या रात्री मात्र सगळं उलटं होतं. आभाळ निरभ्र असतं, जमीन आपली उष्णता भराभर सोडून देते आणि तिला चिकटलेली हवा गारठते. त्या गार हवेच्या वर तिच्यापेक्षा उबदार हवेचा थर असतो. खालची हवा गार, म्हणजे जड. ती वर जाणार कशी? गावावर जणू झाकणच बसतं. चुलीचा धूर, ट्रकने उडवलेली धूळ, शेकोटीचा धूर, सगळं त्या झाकणाखाली कोंडतं. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात.

थंडीच्या दिवसांत सकाळी सातच्या सुमाराला एखाद्या उंच धुराड्याकडे नीट बघा. धूर थोडा वर जातो आणि मग आडवा होतो. लांबच लांब, चपटा पट्टा. वर जायला वाव नाही आणि खालीही उतरता येत नाही. आता आठ-नऊ वाजतात, ऊन तापतं, जमीन गरम होते आणि हवा खालून घुसळायला लागते. ही घुसळण त्या पट्ट्यापर्यंत पोहोचली की रात्रभर वर अडकलेला धूर एकदम खाली येतो! म्हणून ऊन पडल्यावरही काही वेळ हवा सुधारण्याऐवजी बिघडू शकते. उन्हं चढली की हवा स्वच्छ झाली, असं आपण धरून चालतो. तसं दर वेळी नसतं.

त्यात वाऱ्याचीही ये-जा असते. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो. म्हणजे रात्री खाडीकडे गेलेला थोडा धूर दुपारी पुन्हा गावाकडे येऊ शकतो. पण तोवर झाकण उघडलेलं असतं आणि धुराला पसरायला भरपूर उंची मिळालेली असते, म्हणून तो पातळ होतो. उन्हाळ्यात शेतकरी राब भाजतात, तेव्हा धूर भरपूर निघतो. तरी भर दुपारी तो उंच चढून विरतो, याचं कारणही हेच.

आणि पावसाळा? पाऊस हवा धुतो हे खरं, पण कसा धुतो ते मोठं नवलाचं आहे. हवेतल्या ज्या कणांची डॉक्टरांना सर्वात जास्त काळजी वाटते, ते २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतके बारीक कण नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसात खोल उतरतात. आता २ मिलिमीटरचा एक थेंब खाली येतोय असं समजा. तो समोरची हवा बाजूला सारत येतो. धुळीचा मोठा कण जड असल्यामुळे त्याला चटकन वळता येत नाही, तो थेंबावर आपटतो आणि पकडला जातो. अर्ध्या मायक्रॉनचा कण मात्र बाजूला सरणाऱ्या हवेबरोबर वळतो आणि थेंबाच्या कडेने निसटून जातो!

मग हे चोरटे कण सापडतात कुठे? ढगात. वाफेला थेंब व्हायला आधी बसायला काहीतरी लागतं. समुद्राच्या मिठाचे कण त्याला चालतात, आणि धुरातल्या गंधकाच्या वायूपासून हवेत तयार होणारे सल्फेटचे कणही चालतात. त्यांच्याभोवती पाणी जमतं, असे लाखो सूक्ष्म थेंब एकत्र आले की पावसाचा एक थेंब होतो. म्हणजे पडत्या पावसाला चुकवणारा कण ढगात गेला, तर तो त्याच पावसाच्या पोटात बसून खाली येतो. शिवाय पावसाळ्यात रस्ते ओले, धूळ बसलेली, आणि अरबी समुद्रावरून ताज्या हवेचा सतत भरणा.

हवा कशी आहे हे सांगायला आपल्या देशात २०१५ पासून वायू गुणवत्ता निर्देशांक आहे. ५० पर्यंतचा आकडा चांगला, ४०० च्या वर गेला तर गंभीर. २.५ मायक्रॉनच्या कणांसाठी भारताची २४ तासांची मर्यादा एका घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना १५ म्हणते. माझ्या मते मुलांच्या फुप्फुसांसाठी १५ हाच आकडा डोळ्यांपुढे ठेवायला हवा, कारण ती अजून वाढत असतात.

धुराडी आणि ट्रक काबूत ठेवणं हे मोठ्यांचं काम. तुमच्या हाती आहे ती खेळायची वेळ. डिसेंबर-जानेवारीत धावण्याचा सराव भल्या सकाळी ठेवला असेल, तर धुरक्याच्या दिवशी तो दुपारी चारला ठेवायला सरांना सांगा. तेव्हा हवा बहुधा सकाळपेक्षा बरी असते. सूर्य बुडाला की मात्र झाकण पुन्हा बसायला लागतं, तेव्हा सराव त्याआधी उरकायचा.