खुब्याचे दुखणे: नुसते ‘वय झाले’ म्हणू नका

घरातली वडीलधारी माणसे हळूहळू जमिनीवर बसायची सोडतात. सजद्यातून उठताना आधार लागतो, मग नमाजसाठी खुर्ची येते. आजारपणात बसून नमाज पढण्याची सवलत इस्लामने दिलीच आहे. पण त्या सवलतीआड दुखण्याचे कारण शोधायचे राहू नये, असे आम्हाला वाटते.

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. मधली कूर्चा झिजली की हाडावर हाड घासते. दुखते ते बहुधा जांघेत, कधी गुडघ्यातही. म्हणून पुष्कळजण गुडघ्यालाच तेल चोळत बसतात. दुखणे कोठून येते, हे तपासणी आणि एक्स-रेवरून कळते.

सुरुवातीला वजन कमी करणे, व्यायाम, काठी आणि औषधे यांवर भागते. रात्रीची झोप उडाली, चालणे खुंटले, तर डॉक्टर खुबा बदलण्याचा सल्ला देतात. इंग्लंडमधील डॉ. जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही शस्त्रक्रिया यशस्वी केली. आज एकट्या अमेरिकेत ती वर्षाला चार लाखांहून अधिक होतात.

आपल्याकडे गुडघे बदलणारे अधिक, खुबा बदलणारे कमी. मात्र त्यांत तरुणही बरेच असतात. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड निकामी होते. स्टिरॉइडचा जास्त वापर, दारू, सिकलसेल, अपघात ही त्याची कारणे. म्हणून अशी औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

पुढे ही गरज वाढणारच. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती. २०५० पर्यंत दर पाच भारतीयांत एक जण साठीपुढचा असेल, असा अंदाज आहे. शिवाय कृत्रिम सांधाही झिजतो. शंभरातले सुमारे ५८ सांधे पंचवीस वर्षे टिकतात, असे परदेशांतील नोंदी सांगतात. तरुणपणी बसवलेला सांधा पुढे पुन्हा बदलावा लागू शकतो.

म्हणून तयारी घरातूनच हवी. वजूची जागा आणि न्हाणीघर कोरडे ठेवा, धरायला दांडा बसवा, रात्री दिवा असू द्या. म्हातारे माणूस पडले आणि उठता येईना, तर मालीश करू नका. त्याच दिवशी इस्पितळात न्या. मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत झालेली बरी. खर्चाची काळजी असेल, तर सरकारी योजनेत काय बसते, याची इस्पितळात आधीच चौकशी करा. शस्त्रक्रियेनंतर खाली कधी बसायचे, सजदा कधी करायचा, हेही डॉक्टरांना मोकळेपणी विचारा.

घरातल्या बायका दुखणे सहसा बोलून दाखवत नाहीत. सर्वांची जेवणे उरकून त्या भिंतीला धरून उठतात. अम्मीला, दादीला आपणहून विचारा, कुठे दुखते, किती दिवसांपासून दुखते. उपचाराची सुरुवात तिथूनच होते.