पागेतील ममता आणि खाणीतील माणसे

घोड्यांचा नाद हा काही दुर्गुण नव्हे. मुक्या जनावराचे मन ज्यास कळते त्याच्या अंगी धैर्य व बारीक नजर असलीच पाहिजे, हे आम्ही आनंदाने कबूल करतो. इंग्लंडातील लॉन्सडेलचा पाचवा अर्ल ह्यू लौदर ह्याच्या ठिकाणी हे गुण होते. १८५७ साली जन्मलेल्या ह्या गृहस्थास वडील बंधू वारल्यामुळे १८८२ साली सरदारकी मिळाली. आणि १९४४ साली मृत्यू येईपर्यंत घोडे, शिकारी कुत्री व कोल्ह्याची शिकार हेच त्याचे जीवितकार्य होऊन बसले. लेस्टरशायरातील विख्यात क्वॉर्न शिकारमंडळाचे नायकत्व त्याने १८९३ पासून १८९८ पर्यंत केले. १९०७ साली लंडनच्या ऑलिंपियात भरलेल्या आंतरराष्ट्रीय अश्वप्रदर्शनाचा तो अध्यक्ष होता. गाड्या व चाकरांचे पोशाख पिवळे ठेवण्याच्या हौसेमुळे लोक त्यास ‘पिवळा अर्ल’ म्हणत.

परंतु हा थाट चालला कशावर? घराण्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा कंबर्लंडातील व्हाइटहेवनच्या कोळशाचा. तेथील खाणी समुद्रतळाखाली दूरवर गेलेल्या. १९१० सालच्या मे महिन्यात वेलिंग्टन खाणीत आग भडकली. आगीस वारा मिळू नये म्हणून अखेर खाणीचे तोंड बंद करावे लागले, आणि १३६ माणसे व पोरे प्राणास मुकली.

खाण त्या काळी एका कंपनीस खंडाने दिलेली होती. तेव्हा ह्या अनर्थाचा दोष अर्लच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. आमचा आक्षेप त्या व्यवस्थेवर आहे. जाणता स्वार घोड्याच्या खुरात खडा रुतताच खाली उतरतो, कारण घोडा त्याचा असतो. कोळशाचा खंड मात्र भूस्वामीचा, आणि जिवाची जोखीम खाणकऱ्याची! ज्यास नफा पोहोचतो त्यास आच पोहोचत नाही, तेथे सज्जनाची ममतादेखील पागेपलीकडे जात नाही.

ब्रिटिश राष्ट्रास हे उशिरा उमगले. १९३८ च्या कायद्यान्वये भूगर्भातील कोळसा राष्ट्राच्या मालकीचा ठरला व १९४७ साली खाणीही सरकारने घेतल्या. त्याच वर्षी लौदर किल्ल्यातील चीजवस्तू लिलावात निघाली. १९५७ साली त्या वास्तूचे छप्परही उतरविले गेले. वैभव गेले ह्याचे आम्हांस दुःख नाही. एवढी प्रेमळ नजर माणसांकडे वळविणारा कायदा वेळीच झाला नाही, ह्याचे मात्र आहे.