कळ एक, अक्षरे अनेक

संगणकाची कळ दाबली, की तिच्यावर छापलेले अक्षरच संगणकाकडे जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः कळफलक केवळ त्या कळीच्या स्थानाचा क्रमांक पाठवितो. त्या स्थानी कोणते अक्षर मानावयाचे, हे संगणकात त्या वेळी चालू असलेली कळरचना ठरविते.

भारतीय लिप्यांसाठी एक समान कळरचना नवी दिल्ली येथील केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ साली सिद्ध केली. तिला ‘इन्स्क्रिप्ट’ म्हणतात. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात तिचा अंतर्भाव केला. तीत स्वर डावीकडे व व्यंजने उजवीकडे आहेत.

‘दिल्ली’ हाच शब्द घ्या. इन्स्क्रिप्टमध्ये द, ऱ्हस्व वेलांटी, ल, हलन्त, ल व दीर्घ वेलांटी अशा सहा कळा क्रमाने दाबाव्या लागतात. मनुष्याऐवजी एखादी आज्ञावली याच सहा कळा दाबल्याचा संदेश संगणकास देत आहे, असे समजा. कळरचना इन्स्क्रिप्ट असेल, तर ‘दिल्ली’ उमटेल. इंग्रजी असेल, तर ओ, एफ, एन, डी, एन, आर ही रोमन अक्षरे उमटतील. टंकलेखन यंत्राच्या जुन्या रचनेत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते; म्हणजे तेथे कळांचा क्रमही निराळा.

या भेदाचे परिणाम व्यवहारात जाणवतात. ग्रंथालयात पुस्तकावरील रेषांचा संकेत वाचणारे यंत्र पुष्कळदा कळफलकाप्रमाणेच कळांचे क्रमांक पाठविते. त्या वेळी संगणकावर मराठी रचना चालू राहिली असेल, तर पुस्तकाची नोंद भलत्याच अक्षरांत होते. परवलीचा शब्द तर ठिपक्यांआड असल्यामुळे झालेली चूक दिसतही नाही.

यावर उपाय दोन. पहिला, चालू रचना कोणती हे आज्ञावलीने आधी विचारून घ्यावे आणि इष्ट अक्षराची कळ तीत शोधावी. दुसरा, कळ वगळून अक्षराचा युनिकोड क्रमांकच पाठवावा. ‘द’चा क्रमांक २३४२ आहे आणि तो कोणत्याही रचनेत बदलत नाही. मात्र काही आज्ञावल्या अक्षर न पाहता कळीचे स्थानच वाचतात. तेथे पहिल्याच उपायाचा आश्रय घ्यावा लागतो.