भिंतीकडेचा बाक

आमच्या शाळेच्या मैदानात भिंतीलगत एक बाक होता. पी.टी.च्या तासाला त्यावर दोघी-तिघी हमखास पोट धरून बसलेल्या असत. बाईंना काही सांगावं लागत नसे. त्या नुसत्या मानेनंच 'बस' म्हणत. घरी आल्यावर आई ओव्याचं पाणी आणि गरम पाण्याची पिशवी देई. वर म्हणे, "पडून राहा मुकाट्यानं. होतंच ते बाईच्या जातीला." मी मुटकुळं करून पडत असे. सारं मायेपोटीच होतं. पण पडून राहिल्यानं कळा थांबल्याचं काही मला आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी अकरावीतली माझी लेक तशीच पडलेली दिसली आणि माझ्या तोंडून आईचंच वाक्य बाहेर पडलं. ती फणकारली, "तुला झालं म्हणून मलाही व्हायलाच हवं का गं?" मला उत्तर सुचलं नाही. महिन्याला दोन दिवस कॉलेज बुडत होतं आणि बारावी तोंडावर आली होती.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी नीट तपासलं, दुसरा आजार नाही म्हणाल्या आणि कागदावर पेरूसारखं गर्भाशय काढून दाखवलं. पाळीत त्याच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात आणि गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो. ती जास्त झाली की स्नायू इतका घट्ट आवळतो की त्याचा स्वतःचाच रक्तपुरवठा कमी पडतो. कळ उठते ती त्यातून. मळमळ, जुलाब हेही याच द्रव्यांचे प्रताप. मेफेनॅमिक ॲसिडसारख्या गोळ्या ही द्रव्यं तयार होण्यालाच आळा घालतात. म्हणजे दुखणं 'मनाचं' नव्हतं तर! प्रोस्टाग्लँडिनवरच्या संशोधनाला १९८२ साली नोबेल मिळालं. आमच्या घरात मात्र ते कुणाला ठाऊक नव्हतं.

"गोळी लागली तर घे, पण उपाशीपोटी नको. आणि व्यायाम सुरू कर," असं सांगून त्यांनी आम्हांला फिजिओथेरपिस्टकडे धाडलं. आमची समजूत अशी की, दुखेल त्या दिवशी हातपाय हलवायचे. त्या ताई हसल्या. "तहान लागल्यावर विहीर नाही खणायची. महिनाभर करायचं." त्यांनी भरभर चालणं, मार्जारासन, टाचांवर बसून कपाळ जमिनीला टेकवणं, तळवे जुळवून गुडघे पसरून बसणं शिकवलं, सोबत पोटातून सावकाश श्वास. प्रत्यक्ष पाळीत झेपेल तेवढंच.

याला आधार काय, असं माझ्यातल्या संशयी बाईनं विचारलंच. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्र ताळा मांडणाऱ्या 'कोक्रेन'नं २०१९ साली अशा बारा चाचण्या तपासल्या होत्या. त्यांत ८५४ स्त्रिया होत्या. आठवड्यातून निदान तीनदा, दर वेळी पाऊण ते एक तास व्यायाम केल्यास शून्य ते शंभरच्या मापावर वेदना सुमारे पंचवीसनं उतरते, असा त्यांचा निष्कर्ष. व्यायाम हलका की जोरकस, यानं विशेष फरक पडत नाही. पुरावा अजून भक्कम नाही, हेही त्यांनीच प्रामाणिकपणे म्हटलं आहे.

पहिल्या महिन्यात लेकीला काडीचाही फरक पडला नाही. दुसऱ्या महिन्यात तिनं आठवडाभर टाळाटाळ केली, आमची भांडणं झाली. तिसऱ्या पाळीत सहाऐवजी दोन गोळ्या लागल्या आणि कॉलेज बुडालं ते अर्धा दिवस. दुखणं गेलं नाही, आटोक्यात आलं.

पण हे लिहिताना धाकटी बहीण डोळ्यांसमोर येते. तिची वेदना वर्षागणिक वाढत गेली. पाळी नसतानाही दुखे, शौचाला जाताना जीव जाई. तिनं अकरा वर्षं 'होतंच ते' ऐकलं. अखेर दुर्बिणीतून तपासणी झाली, तेव्हा एंडोमेट्रिऑसिस निघाला. तिला आसनं करायला लावून आम्ही आणखी एखादं वर्ष घालवलं असतं. असं दुखत असेल, गोळीनंही भागत नसेल किंवा रक्तस्राव फार असेल, तर सतरंजी नंतर; आधी डॉक्टर.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. नातीला पाळीच्या दिवशी बूट घालताना पाहून परवाही ती कळवळली, "अगं, आज तरी पड की!"

"आजी, वीस मिनिटांत आलेच."

ती परत आली तेव्हा सतरंजीवर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवलेली होती.