गव्हाच्या वाघिणी आणि गावची सभा

कॅनडा देशातल्या एका लहानशा गावाची ही हकीकत आहे. गावाचे नाव इंडियन हेड. सस्कॅचवान प्रांताची राजधानी रेजायना, तिच्या पूर्वेला सुमारे ४० मैलांवर हे गाव लागते. वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढीच. एवढ्याशा गावाची गोष्ट इतक्या दूर बसून का ऐकावी, असे कुणी विचारील. तर मंडळी, पीक काढणे वेगळे आणि ते विकून पदरात चार पैसे पडणे वेगळे, हा अनुभव आपल्या शेतकऱ्याला नवा नाही. तिथल्या शेतकऱ्यांनाही तो आला. त्यातून त्यांनी जी वाट काढली, ती समजून घेण्यासारखी आहे.

हा सारा मुलूख गवताळ मैदानांचा. क्री, सोल्टो, ॲसिनिबॉइन ह्या तिथल्या मूळच्या जमाती. रानगव्यांचे कळप हा त्यांच्या जगण्याचा आधार होता. १८७४ साली जवळच्या फोर्ट क्वापेल येथे सरकारने क्री आणि सोल्टो लोकांशी करार केला, आणि त्यानंतर ही जमीन बाहेरून येणाऱ्यांना खुली झाली. १८८२ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा रूळ इथवर आला, आणि गाव बसले.

जमीन मिळण्याची रीत सोपी होती. १८७२ च्या कायद्याप्रमाणे दहा डॉलर भरायचे आणि १६० एकर जमीन नावावर मांडायची. मात्र तिच्यावर तीन वर्षे राहायचे, घर बांधायचे आणि ठरल्याइतकी जमीन नांगरटीखाली आणायची. मग मालकी पक्की. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात शेजारी अर्ध्या-एक मैलावर, झाड दुर्मिळ, आणि हिवाळा असा की घराबाहेर ठेवलेले पाणी गोठून दगड व्हावे.

ह्याच गावाजवळ मेजर बेल नावाच्या गृहस्थांनी १८८२ साली कंपनी काढून पन्नास हजार एकरांहून मोठी शेती मांडली. भांडवल मोठे, यंत्रे नवी, गडीमाणसे पुष्कळ. पण अवर्षण, अवेळी पडणारे हिम आणि १८८५ चे बंड ह्यांपुढे तो डोलारा थोड्याच वर्षांत कोसळला. बंडाच्या धामधुमीत घोडे फौजेच्या वाहतुकीला गेले, म्हणून कित्येक शेते पेरणीवाचून पडून राहिली. पुढच्याच वर्षी पाऊस नव्हता, तरी त्या पड राहिलेल्या जमिनीत गहू आला! अँगस मकाय नावाच्या शेतकऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवली. एक वर्ष जमीन पड ठेवून ओल राखायची, ही पद्धत पुढे सगळीकडे पसरली. १८८७ मध्ये सरकारने इंडियन हेडला प्रायोगिक शेती सुरू केली, तिचे पहिले प्रमुख हेच मकाय.

मोठी कंपनी गेली, पण लहान शेतकरी टिकून राहिले. कसे? आपल्याकडे सावड असते, इर्जिक असते. आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. तिकडेही अगदी असेच. कोठार उभारायचे असले की आसपासचे पुरुष हत्यारे घेऊन हजर. मळणीचे वाफेचे यंत्र एकाचे असे, आणि ते घेऊन माणसे शेताशेतांतून फिरत. बायका त्या सगळ्यांचा स्वयंपाक रांधीत. एकखोली शाळा हे तर सर्वांचेच ठिकाण. दिवसा मुले शिकत, रविवारी तिथेच प्रार्थना होई, हिवाळ्यात नाच होई आणि अडीअडचणीला सभा भरे.

अडचण आली ती १९०१ साली. त्या वर्षी पीक असे आले की ठेवायला जागा नाही. गहू पूर्वेच्या बाजारात जायचा तो रेल्वेने, पण मालगाडीच्या वाघिणी पुऱ्या पडेनात. ज्या होत्या त्या रेल्वे देई धान्यकोठारवाल्या कंपन्यांना. एलिव्हेटर म्हणतात ती रुळांकाठची उंच लाकडी कोठारे ह्या कंपन्यांची. म्हणजे शेतकऱ्याने आपला गहू त्यांनाच विकायचा. प्रत कोणती, ते ठरवणार, कडता किती, तेही ठरवणार आणि भावही त्यांचाच. नाही पटले तर गाडी परत वळवा आणि बर्फातून वीस मैल घरी जा!

ॲबरनेथी गावचे डब्ल्यू. आर. मदरवेल आणि त्यांचे शेजारी पीटर डेमन ह्यांनी ह्यावर विचार केला. पत्रे लिहून शेतकऱ्यांना बोलावणे धाडले. दिवस निवडला १८ डिसेंबर १९०१. त्या दिवशी इंडियन हेडला दोन मोठ्या पुढाऱ्यांचा जाहीर वाद होता, लोक तसेही गावात येणारच होते. माणसे जमवायची ही युक्ती आपल्याकडच्या बाजाराच्या दिवसासारखीच! त्या सभेतून धान्य पिकवणाऱ्यांचा संघ उभा राहिला, आणि मदरवेल त्याचे अध्यक्ष झाले.

संघाने दंगा केला नाही, रूळ उखडले नाहीत. त्याने कायदा वाचला. धान्याविषयीचा १९०० सालचा कायदा होता, पण वाघिणी कोणत्या क्रमाने द्यायच्या हे त्यात स्पष्ट नव्हते. संघाच्या मागणीवरून १९०२ मध्ये ती दुरुस्ती झाली. स्टेशनवर वही ठेवायची, ज्याची मागणी आधी त्याला वाघीण आधी, मग तो कंपनीवाला असो की एकटा शेतकरी. तरीही रेल्वे जुन्याच चालीने चालली. तेव्हा पूर्वेला दहा-बारा मैलांवरच्या सिंटालुटा गावच्या स्टेशनमास्तरवर संघाने फिर्याद लावली. स्टेशनमास्तर दोषी ठरला, दंड झाला ५० डॉलर. रेल्वेने वरच्या कोर्टापर्यंत अपील केले, पण निकाल कायम राहिला. पन्नास डॉलर म्हणजे रेल्वेच्या लेखी काहीच नव्हे. पण वहीतला क्रम सगळ्यांना सारखा, हे तिला मान्य करावे लागले.

ह्याच सिंटालुटाचे ई. ए. पार्ट्रिज. गावकऱ्यांनी त्यांना १९०५ मध्ये विनिपेगला पाठवले, धान्याचा बाजार चालतो कसा ते डोळ्यांनी पाहून यायला. ते पाहून आले आणि १९०६ मध्ये शेतकऱ्यांचीच धान्यविक्री कंपनी निघाली. बायकांनीही पाऊल उचलले. व्हायोलेट मॅकनॉटन ह्यांच्या पुढाकाराने प्रांतिक संघाचा महिला विभाग उभा राहिला. खेड्यात सुईण आणि डॉक्टर हवा, बायकांना मत हवे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. १९१६ मध्ये सस्कॅचवानच्या स्त्रियांना मताचा हक्क मिळाला.

इथपर्यंतची गोष्ट ऐकायला बरी वाटते. पण शिक्षकबंधूंनी ती मुलांना सांगताना पुढचा भागही सांगावा. सिंटालुटाजवळच ॲसिनिबॉइन लोकांची राखीव वस्ती आहे. त्यांच्यातलेही लोक गहू पिकवू लागले होते. पण १८८१ च्या कायद्याने त्यांना आपले धान्य विकायला सरकारी अंमलदाराचा परवाना लागे. १८८९ पासून काही वर्षे तर त्यांनी यंत्रे वापरू नयेत, हातहत्यारांनीच शेती करावी, असे सरकारी धोरण होते. शेजारचा गोरा शेतकरी वाघिणीसाठी कोर्टात जाऊ शकला, ह्यांना मात्र पोतेभर गहू विकायलाही चिठ्ठी हवी. मळणीच्या त्या सावडीचे वर्तुळ कुठे संपत होते, ते इथे दिसते.

शेतकऱ्यांच्या त्या संस्थांचे पुढे काय झाले? १९२४ पासून सस्कॅचवानचा गहू-संघ कामाला लागला आणि गावोगाव त्याची कोठारे उभी राहिली. पण १९९६ मध्ये त्याचे भाग शेअरबाजारात आले, आणि २००७ मध्ये दुसरी मोठी कंपनी विकत घेऊन त्याने नावही बदलले. सभासदांची संस्था भागधारकांची झाली. जुनी लाकडी कोठारेही बहुतेक ठिकाणी पाडली गेली. म्हणजे संस्था एकदा काढली की कायमची आपली, असे नाही. तिच्या सभेला जावे लागते, वही उघडून पाहावी लागते, समजले नाही तर विचारावे लागते.

लहानपणी वडिलांचे बोट धरून मी आमच्या गावच्या सोसायटीच्या सभेला जात असे. चहा झाला की निम्मी माणसे उठून जात, आणि हिशेब वाचला जाई तो उरलेल्यांपुढे. इंडियन हेडच्या त्या डिसेंबरातल्या सभेविषयी वाचताना मला त्या रिकाम्या सतरंजीची आठवण झाली. तुमच्या गावची सभा पुढच्या खेपेला भरेल, तेव्हा हिशेब पुरा होईपर्यंत बसून राहा, एवढेच सांगतो.