टोमॅटोची चटणी की डबीतली गोळी?

गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात टोमॅटो ढिगाने उतरला, की घ्यावा किती अन् ठेवावा कुठे असं होतं. परवा अशीच पिशवी भरून आणली, तर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "एवढं कशाला गं? मुलीने मला अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या आणून दिल्यात. आता भाजी-बिजी नाही खाल्ली तरी चालतं."

चालत नाही, वहिनी!

मैत्रिणींनो, आपल्या पेशींमध्ये डीएनए असतो. सासूबाईंची पाककृतींची वही असते ना, तसाच. शरीराने काय, कसं बनवायचं ते त्यात लिहिलेलं. तंबाखू, चुलीचा धूर, कडक ऊन आणि शरीरातच तयार होणारे फ्री रॅडिकल्स यांमुळे या वहीवर रोज हजारो डाग पडतात. शरीर ते पुसतही असतं. ही दुरुस्ती कशी चालते ते शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१५ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण काही डाग राहून जातात आणि पुढे कधीतरी त्यातूनच कॅन्सरची सुरुवात होऊ शकते.

इथेच आपला पिंपळगाव-बसवंतचा टोमॅटो कामाला येतो. इटलीत मिलानच्या संशोधकांनी दहा निरोगी तरुणींना २१ दिवस रोज ६० ग्रॅम टोमॅटो प्युरी खायला दिली. मग त्यांच्या रक्तातल्या पेशींवर मुद्दाम मारा करून पाहिला, तर डीएनएची मोडतोड आधीपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी झालेली! १९९९ साली हे प्रसिद्ध झालं. दहाच जणी होत्या, त्यामुळे टोमॅटोने कॅन्सर टळतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण टोमॅटोतलं लायकोपीन तेलात शिजवल्यावर अंगी जास्त लागतं, हे नक्की. म्हणजे फोडणीची चटणी कोशिंबिरीपेक्षा सरस.

आणि गोळ्या? फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. ज्यांना बीटा कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी जास्त निघाला. १९९४ सालची ही गोष्ट. गाजरात जे चांगलं, ते डबीत भरून चांगलं राहीलच असं नाही. (डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या, फॉलिक अॅसिडच्या गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत हं.)

लासलगावचा लाल कांदा सोलताना आपण वरचे दोन जाड पापुद्रे सर्रास टाकतो. क्वेर्सेटिन नावाचं उपयोगी द्रव्य बाहेरच्या थरांतच जास्त असतं. नुसतं वाळकं साल काढा. पालक-मेथीतलं फोलेट तर डीएनए बनवायलाच लागतं, आणि ते पाण्यात उतरतं. उकडलेलं पाणी मोरीत ओतू नका, वरणात घाला.

मिश्री लावणाऱ्या मावशी-काकूंना मात्र टोमॅटो वाचवू शकत नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. ती सुटायलाच हवी.

हे सगळं ऐकून वहिनी म्हणाल्या, "अगं, पण सगळे जेवून उठेपर्यंत भाजी उरते कुठे? मी आपली लोणचं-भाकरी खाते." खरी गोम इथे होती. त्या दिवशी अर्धी पिशवी त्यांच्या घरी गेली. संध्याकाळी चटणी झाली, आणि वहिनींनी आधी स्वतःच्या वाटीत काढून ठेवली.